विश्लेषण : विजेवर फिरणारा सुपरचार्जर म्हणजे काय? त्याने गाडीचा ‘दम’ खरेच वाढतो का?

घाटात पुढच्या ट्रकला ओलांडायचे म्हणून ॲक्सिलरेटर दाबावा, गाडीने क्षणभर काहीच करू नये आणि मग एकदम उसळी घ्यावी, हा अनुभव टर्बो इंजिनाच्या गाड्या चालवणाऱ्या अनेकांना येतो. हा मधला क्षण पुसून टाकण्यासाठी ऑडी, मर्सिडीज, जेएलआर, पोर्श या कंपन्यांनी गेल्या दशकभरात वीज कामाला लावली. मात्र ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ किंवा ‘इलेक्ट्रिक टर्बो’ याच नावाने ऑनलाइन बाजारात अगदी स्वस्तात छोटे पंखेही विकले जातात आणि ‘पॉवर वाढेल, मायलेज वाढेल’ या आशेने ते घेतलेही जातात. कोट्यवधींच्या गाडीतले यंत्र आणि हा पंखा यांत फरक काय? हे तंत्र कसे चालते आणि ते साध्या गाड्यांपर्यंत पोहोचेल का?

इंजिनाला जास्त हवा कशासाठी लागते?

इंजिनाची ताकद पेट्रोल किंवा डिझेल जाळण्यातून येते. पण जाळायला हवा लागते आणि ती अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळताना इंजिन साधारण नऊ हजार लिटर हवा ओढून घेते. पेट्रोल जास्त सोडणे सोपे असते. टाकीतला पंप आणि इंजेक्टर ते काम करतात. खरी मर्यादा हवेची असते. सिलिंडर जेवढा, तेवढीच हवा त्यात मावते.

उंचावर गेल्यावर हे चांगले कळते. लेहला किंवा त्याहून वर हवा विरळ होते, तेव्हा साध्या इंजिनाची गाडी धापा टाकू लागते. पेट्रोल तेच, इंजिन तेच. कमी पडते ती हवा. याच्या उलट, हवा दाबून, घट्ट करून सिलिंडरमध्ये कोंबली तर त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद काढता येते. मोटारीच्या भाषेत याला ‘बूस्ट’ म्हणतात. १.२ लिटरचे छोटे इंजिन आज जुन्या १.६ किंवा १.८ लिटरच्या इंजिनाइतकी ताकद देते, ते यामुळेच.

टर्बो आणि सुपरचार्जर यांत फरक काय?

हवा दाबण्याचे काम दोघेही करतात. फरक आहे तो हवा दाबणारे चाक कोण फिरवते यात. सुपरचार्जर इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवरून, पट्ट्याने किंवा गिअरने फिरतो. डाइम्लर कंपनीने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात असे सुपरचार्जर बसवलेल्या मर्सिडीज गाड्या मांडल्या होत्या. याचा फायदा म्हणजे इंजिन फिरू लागताच हवेचा दाब हजर असतो. तोटा हा, की चाक फिरवण्याची ताकद इंजिनाकडूनच घेतली जाते. गरज असो वा नसो, पट्टा फिरत राहतो आणि इंधन खात राहतो.

टर्बोचार्जर फुकटच्या ऊर्जेवर चालतो. इंधनातली जवळपास एक तृतीयांश ऊर्जा गरम धुराबरोबर एक्झॉस्टमधून बाहेर फेकली जाते. हा धूर एका चाकावर सोडला, की ते चाक फिरते आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चाक हवा दाबते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. मोटारींत ती अमेरिकेत १९६२ मध्ये आली, तर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत रेनॉने १९७७ मध्ये टर्बो इंजिन उतरवले आणि १९७९ मध्ये फ्रान्सची शर्यत जिंकली.

मग अडचण कुठे येते?

अडचण वेळेची आहे. टर्बोला धूर हवा आणि धूर जोरात यायचा तर इंजिन आधी जोरात फिरायला हवे. इंजिन १२०० ते १५०० फेऱ्यांवर रेंगाळत असताना धूर कमी असतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला तर आधी इंजिनाचा वेग वाढतो, मग धूर वाढतो, मग टर्बोचे चाक वेग घेते, मग हवेचा दाब तयार होतो आणि तेव्हा कुठे ताकद येते. या विलंबाला ‘टर्बो लॅग’ म्हणतात. पूर्वी तो दोन-तीन सेकंदांपर्यंत जायचा. आता पुष्कळ कमी झाला असला, तरी पूर्ण गेलेला नाही.

एखादा सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटू शकते. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोरूनही त्याच वेगाने वाहन येत असेल, तर दोघांमधले अंतर सेकंदाला ३३ मीटरने कमी होते. दुपदरी रस्त्यावर ओलांडायला निघालेल्या चालकाला ताकद हवी असते ती त्याच क्षणी. वेगवान गाड्यांची कथा आणखी वेगळी. वळणातून बाहेर पडताना चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि ताकद अर्ध्या सेकंदाने एकदम कोसळते, तेव्हा मागची चाके घसरू शकतात. म्हणून लॅग हा केवळ चालवण्याच्या मजेचा प्रश्न नाही.

कंपन्यांनी यावर अनेक उपाय केले. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो लावले, टर्बोच्या आत हलणारी पाती बसवली, चाके हलक्या धातूची केली. पण धूर असल्याशिवाय टर्बो फिरत नाही, हे मूळ दुखणे कायम राहिले.

विजेचा सुपरचार्जर नेमके काय करतो?

तो धुराची वाट पाहत नाही, एवढेच. हवा दाबणारे चाक तेच असते. मात्र त्याला पट्टा नसतो आणि धुराचे चाकही नसते. त्याच्या मागे असते एक छोटी, अतिवेगवान विजेची मोटर. ॲक्सिलरेटर दाबला जाताच संगणक मोटरला आदेश देतो आणि डोळ्याची पापणी लवावी तेवढ्या वेळात हवेचा दाब तयार होतो.

कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडलेली अशी पहिली गाडी म्हणजे ऑडीची ‘एसक्यू ७ टीडीआय’. ती २०१६ मध्ये आली. तिच्या चार लिटरच्या आठ सिलिंडर डिझेल इंजिनाला धुरावर चालणारे दोन टर्बो होते आणि जोडीला विजेवर चालणारा एक कॉम्प्रेसर. सात किलोवॉटची त्याची मोटर पाव सेकंदापेक्षाही कमी वेळात मिनिटाला ७० हजार फेऱ्यांपर्यंत जात असे. परिणाम असा, की ९०० न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क अवघ्या एक हजार फेऱ्यांवर, म्हणजे इंजिन जेमतेम जागे झालेले असतानाच मिळू लागला.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हा कॉम्प्रेसर सतत चालत नाही. हवेच्या वाटेवर एक झडप असते. चालकाने जोर मागितला आणि धूर कमी असेल, तर झडप हवेला विजेच्या कॉम्प्रेसरमधून वळवते. धुरावरच्या टर्बोने वेग घेतला, की झडप उघडते आणि हवा थेट इंजिनात जाऊ लागते. विजेच्या यंत्राचे काम संपले. म्हणजे गाडीची सर्वोच्च ताकद मुख्यतः टर्बोच देतो. विजेचा सुपरचार्जर ती ताकद येईपर्यंतचा वेळ भरून काढतो. शर्यतीत धावणाऱ्याला पहिली काही पावले कोणी पाठीवर हात ठेवून ढकलावे, तसे.

त्यासाठी नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी का पुरत नाही?

या तंत्राचे खरे मर्म इथे आहे. हवा दाबायला किती ऊर्जा लागते, याचा हिशेब मांडता येतो. १.२ लिटरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर असेल, तर ते सेकंदाला ६० लिटर हवा गिळते. एवढ्या हवेवर वातावरणाच्या निम्म्याइतका जादा दाब द्यायचा, तर ढोबळमानाने पाच किलोवॉटच्या आसपास ताकद लागते. १२ व्होल्टवर पाच किलोवॉट म्हणजे ४०० अँपिअरहून अधिक प्रवाह. साध्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर सगळा मिळून दीड किलोवॉटच्या आसपास वीज तयार करतो आणि त्यातूनच दिवे, एसीचा पंखा, वायपर, इंजिनाचा संगणक चालतो. गाडी सुरू करताना स्टार्टर मोटर शे-दोनशे अँपिअर खेचते, पण ती दोन-तीन सेकंदांसाठीच. तेवढ्यानेही दिवे मंदावतात.

म्हणून कंपन्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, विजेचा कॉम्प्रेसर फक्त कमी फेऱ्यांवर वापरला. दीड हजार फेऱ्यांवर इंजिन सहा हजारांच्या तुलनेत पाव हिस्साच हवा मागते, त्यामुळे लागणारी ताकदही तेवढीच कमी होते. दोन, गाडीत ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा बसवली. व्होल्ट चौपट झाले, की त्याच कामाला प्रवाह पावपट लागतो; तारा बारीक होतात, उष्णता कमी होते. ४८ हाच आकडा का? ६० व्होल्टपर्यंतची एकदिश वीज स्पर्शाला तुलनेने सुरक्षित मानली जाते. त्यापुढे गेले, की विद्युत वाहनांत दिसतात तशा नारिंगी आवरणाच्या जाड तारा आणि संरक्षणाची महागडी व्यवस्था लागते.

ऑडीच्या त्या गाडीत ४८ व्होल्टची ४७० वॉट-तासांची लिथियम-आयन बॅटरी होती. ती पूर्ण रिकामी केली तरी सात किलोवॉटची मोटर जेमतेम चार मिनिटे चालली असती. पण कॉम्प्रेसरला एका वेळी काही सेकंदांचेच काम असते आणि मधल्या काळात बॅटरी पुन्हा भरली जाते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जाही त्यासाठी वापरता येते.

असे यंत्र आणखी कोणत्या गाड्यांत आहे?

मर्सिडीजने २०१७ मध्ये सहा सिलिंडर एका रांगेत असलेले तीन लिटरचे नवे पेट्रोल इंजिन आणले. त्यात धुरावरचा एक टर्बो, विजेचा एक कॉम्प्रेसर आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये १६ किलोवॉटची स्टार्टर-जनरेटर मोटर अशी त्रयी होती. एएमजी ‘५३’ मालिकेतल्या गाड्यांत या इंजिनाने ४३५ अश्वशक्ती दिली. याच कुळातले इंजिन असलेली ‘सीएलई ५३’ ही एएमजी कूपे २०२५ मध्ये भारतातही विक्रीला आली.

टाटा मोटर्सने २००८ मध्ये घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरने, म्हणजे आताच्या जेएलआरने, २०१९ मध्ये ‘इंजेनियम’ कुटुंबातले सहा सिलिंडरचे तीन लिटर पेट्रोल इंजिन रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये दिले. ताकद ४०० अश्वशक्ती, टॉर्क ५५० न्यूटन मीटर. त्यातला ४८ व्होल्टचा सुपरचार्जर अर्ध्या सेकंदात ६५ हजार फेऱ्यांपर्यंत जातो, असे कंपनीने सांगितले. या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. मे २०२४ मध्ये जेएलआरने रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट या गाड्या पुण्यात जोडण्याचे जाहीर केले. ब्रिटनबाहेर हे पहिल्यांदाच घडत होते आणि त्यात तीन लिटर पेट्रोल इंजिनाचाही पर्याय होता.

सुपरचार्जर आणि ‘ई-टर्बो’ एकच का?

नाही. नावे सारखी असल्याने गोंधळ होतो. विजेच्या सुपरचार्जरमध्ये फक्त मोटर आणि हवा दाबणारे चाक असते. नेहमीचा टर्बो त्याच्या जोडीला स्वतंत्र असतो. ई-टर्बोमध्ये मोटर थेट टर्बोच्या दांड्यावरच, धुराचे चाक आणि हवेचे चाक यांच्यामध्ये बसवलेली असते. धूर कमी असताना मोटर दांडा फिरवते. धूर गरजेपेक्षा जास्त झाला, की हीच मोटर जनरेटर होऊन त्यातून वीज काढते. साध्या टर्बोत जादा धूर एका झडपेतून बाहेर सोडून द्यावा लागतो. ई-टर्बोत त्याचीही कमाई होऊ शकते.

हे काम अवघड आहे, कारण टर्बोची एक बाजू लालबुंद होण्याइतकी तापते आणि विजेच्या मोटरला उष्णता सोसत नाही. २०२२ मध्ये मर्सिडीज-एएमजीने गॅरेट मोशन या टर्बो बनवणाऱ्या कंपनीच्या साथीने ‘एसएल ४३’ आणि ‘सी ४३’ या गाड्यांत ते जमवले. तिथली मोटर जेमतेम चार सेंटिमीटर जाडीची आहे. दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनातून ‘सी ४३’ ४०८ अश्वशक्ती काढते. ‘सी ६३ एस ई परफॉर्मन्स’ मध्ये ४८ ऐवजी ४०० व्होल्टची यंत्रणा आहे आणि तेच दोन लिटरचे इंजिन ४७६ अश्वशक्ती देते.

पोर्शने मे २०२४ मध्ये ‘९११ कॅरेरा जीटीएस’ हायब्रिड केली, तेव्हा पूर्वीच्या दोन टर्बोंऐवजी एकच ई-टर्बो ठेवला. त्याची मोटर जनरेटर म्हणून ११ किलोवॉटपर्यंत वीज परत देते. १.९ किलोवॉट-तासांची छोटी बॅटरी आणि गिअरबॉक्समधली आणखी एक मोटर मिळून गाडीची एकूण ताकद ५४१ अश्वशक्ती होते. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरपर्यंत जायला तिला तीन सेकंद लागतात.

फॉर्म्युला वनने हे तंत्र सोडून का दिले?

ई-टर्बोचे मूळ शर्यतीच्या मैदानात आहे. २०१४ पासून फॉर्म्युला वनच्या १.६ लिटर सहा सिलिंडर इंजिनांत टर्बोच्या दांड्याला मोटर-जनरेटर जोडणारी ‘एमजीयू-एच’ नावाची यंत्रणा आली. नियमाने तिला मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांची मर्यादा होती. एवढ्या छोट्या इंजिनाला एवढा मोठा टर्बो असूनही लॅग जवळपास जाणवत नसे, ते या यंत्रणेमुळे. शिवाय ती धुरातून वीज काढून चाकांकडे पाठवत असे.

पण ती बनवणे अतिशय महाग आणि गुंतागुंतीचे होते. नव्याने येऊ पाहणाऱ्या कंपन्यांना आधीपासून मैदानात असलेल्यांची बरोबरी करणे अवघड जात होते. त्यामुळे ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर झालेल्या नियमांनुसार २०२६ च्या मोसमापासून एमजीयू-एच वगळण्यात आली. त्याच महिन्यात ऑडीने फॉर्म्युला वनमध्ये उतरण्याची घोषणा केली. चाकांना ताकद देणाऱ्या दुसऱ्या मोटरची मर्यादा मात्र १२० किलोवॉटवरून ३५० किलोवॉटपर्यंत वाढवली गेली. योगायोग असा, की शर्यतीतून हे यंत्र बाहेर पडायचे ठरले, त्याच वर्षी ते रस्त्यावरच्या गाड्यांत आले.

ऑनलाइन मिळणारे ‘इलेक्ट्रिक टर्बो’ काय असतात?

बहुतेक ते साधे पंखे असतात. एअर फिल्टरच्या नळीत बसवायचे, १२ व्होल्टच्या तारेला जोडायचे, की झाले, असा त्यांचा दावा. हिशेब पुन्हा तोच लावता येतो. पाच अँपिअर घेणारा पंखा १२ व्होल्टवर ६० वॉटचा होतो. घरातला छताचा साधा पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. ज्या कामाला पाच हजार वॉट लागतात, तिथे ६० वॉट काय करणार? इंजिन जोरात असताना ते स्वतःच या पंख्यापेक्षा जास्त वेगाने हवा ओढत असते. अशा वेळी पंखा मदत करण्याऐवजी हवेच्या वाटेत आडवा येतो. हवा ‘ढकलणे’ आणि हवा ‘दाबणे’ यांत मोठा फरक आहे. पंखा पहिले करतो, सुपरचार्जर दुसरे.

धोका केवळ पैसे वाया जाण्याचा नाही. प्लास्टिकचे पाते तुटले तर ते थेट इंजिनाच्या दिशेने ओढले जाते. इंजिनात येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरजवळ पंखा बसवला, तर त्याचे मोजमाप चुकू शकते आणि इंधनाचे प्रमाण बिघडते. फिल्टरनंतरच्या नळीचा जोड ढिला राहिला, तर न गाळलेली धूळ आत जाते. गाडी वॉरंटीत असेल, तर असा बदल पाहून कंपनी दावा नाकारू शकते.

खरे आणि खोटे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तार. काही किलोवॉट वाहून नेणारी तार अंगठ्याएवढी जाड असते, तिला स्वतंत्र फ्यूज लागतो, बहुधा वेगळी बॅटरीही लागते. मोबाइल चार्जरसारख्या बारीक तारेवर चालणारी वस्तू इंजिनाला बूस्ट देऊ शकत नाही. विक्रेत्याला दोनच गोष्टी विचाराव्यात : किती किलोवॉट आणि किती दाब? या दोन आकड्यांऐवजी ‘३० टक्के जास्त पॉवर’ एवढेच उत्तर मिळाले, तर पुढचे विचारण्याची गरज उरत नाही.

इंजिनात असे बदल कायद्यात बसतात का?

परदेशांत जुन्या गाड्यांना बसवता येणारे, स्वतंत्र बॅटरीसह येणारे काही खरे विद्युत सुपरचार्जर मिळतात. ते महाग असतात आणि त्यांच्यासोबत इंजिनाच्या संगणकाचे गणितही बदलावे लागते. कारण हवा वाढली आणि इंधन तेवढेच राहिले, तर इंजिन जास्त तापते आणि पिस्टनला इजा होऊ शकते.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले आणि उत्पादक कंपनीने दिलेले तपशील बदलतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडू शकतो, हे वेगळेच.

हे तंत्र साध्या गाड्यांत येणार का?

भारतात छोट्या टर्बो इंजिनांचे पेव फुटण्यामागे करव्यवस्थेचाही हात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. सीसी वाढवता येत नसेल, तर ताकद वाढवायला टर्बो हाच मार्ग उरतो. म्हणजे लॅगचा त्रास नेमका या गाड्यांच्या चालकांना होतो आणि विजेच्या सुपरचार्जरची खरी गरजही त्यांनाच आहे. पण ४८ व्होल्टची बॅटरी, मोटर आणि तिचे नियंत्रण यांचा खर्च दहा लाखांच्या गाडीत बसवणे कठीण आहे.

दुसरी अडचण हायब्रिड गाड्यांची. बॅटरी आणि मोटर गाडीत बसवायचीच असेल, तर तिने हवा दाबण्याऐवजी सरळ चाकेच का फिरवू नयेत, असा प्रश्न येतो. विजेची मोटर पहिल्या फेरीपासून पूर्ण टॉर्क देते. तीच चाकांना जोडली, तर टर्बो जागा होईपर्यंतचा क्षण ती एकटी भरून काढते. हायब्रिड स्वस्त होत जातील, तसा स्वतंत्र विद्युत सुपरचार्जरचा वाव कमी होईल, असे मानायला जागा आहे. एक मोठी मोटर दोन्ही कामे करत असेल, तर दुसरी लहान मोटर ठेवण्याला फारसा अर्थ उरत नाही.

ज्या गाड्यांत प्रत्येक अश्वशक्ती आणि प्रत्येक किलो वजन मोजले जाते, तिथे मात्र ई-टर्बो टिकून आहे. पोर्शने सप्टेंबर २०२५ मध्ये सादर केलेल्या ‘९११ टर्बो एस’ मध्ये एक नव्हे, दोन ई-टर्बो आहेत आणि ताकद ७११ अश्वशक्ती आहे. आणखी एका ठिकाणी विजेवर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरला पर्याय नाही, ते म्हणजे हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेल गाड्या. त्यांनाही भरपूर हवा लागते, पण टर्बो जोरात फिरवू शकेल असा इंजिनाचा तप्त धूर तिथे नसतो. होंडाने २०१६ मध्ये आणलेल्या ‘क्लॅरिटी’ या हायड्रोजन गाडीत हवा दाबण्याचे काम असाच विजेवर चालणारा कॉम्प्रेसर करत होता.